जुनें घोडें, नवे दांत

नांदेड व लातूर हीं मराठवाड्यांतील दोन शहरें एकमेकांपासून दीडशें किलोमीटरांच्या आंतच आहेत. परंतु एक गोदावरीच्या कांठीं सखल भूमीवर वसलेलें आणि दुसरें बालाघाटाच्या पठारावर, त्यामुळें दोहोंची हवा निराळी, पाणी निराळें. नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशें मीटरांच्या आसपास, तर लातूर सहाशें मीटरांच्याही वर आहे. एस. टी. किंवा मोटारींत बसलेल्या प्रवाशास हा चढ जाणवतही नाहीं. पन्नास वर्षांपूर्वींच्या मोटरसायकलीच्या मागच्या बैठकीवर बसून जाणाऱ्यास मात्र तो इंजिनाच्या आवाजावरून बरोबर कळतो. गेल्या मार्गशीर्षांत असा प्रवास करण्याचा योग मला आला, आणि त्याला निमित्त झालें तें एका बशीएवढ्या यंत्राचें. त्या यंत्रानें आमच्या घरांत जो प्रश्न उभा केला तो कोणत्या ना कोणत्या रूपानें घरोघर उभा राहतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी माझ्या वडील बंधूंची. आम्ही त्यांना दादा म्हणत असूं. ते पशुवैद्य होते, आणि त्यांची सारी नोकरी ह्या दोन शहरांच्या मधल्या खेड्यापाड्यांतून झाली. लातूर जिल्हा १९८२ सालीं उस्मानाबादेपासून वेगळा झाला. त्यापूर्वीं अकरा वर्षें दादांची गाडी त्या रस्त्यांवर धांवत होती. १९७१ सालीं घेतलेली ती अडीचशें सी. सी. ची जावा. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीनें १९६१ च्या सुमारास ती आपल्याकडे बांधण्यास आरंभ केला, पुढें तिलाच येझदी असें नांव मिळालें, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. किक मारण्याची दांडी व गिअर टाकण्याची दांडी एकच, हें तिचें वैशिष्ट्य जुन्या मंडळींस आठवत असेल. पेट्रोलांत माप घेऊन तेल मिसळावें लागे, आणि तिचा तो ठेक्यांतला आवाज गल्लीच्या तोंडाशीं आला कीं घरांत चहाचें आधण पडे.

१९७२ च्या दुष्काळांत गुरांच्या छावण्यांवर दादा ह्याच गाडीनें हिंडले. १९९३ सालीं ३० सप्टेंबरच्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां लातुराहून त्या बाजूस कित्येक आठवडे त्यांच्या खेपा चालल्या होत्या. कारण ढिगाऱ्याखालून निघालेल्या जनावरांसही वैद्य लागतो. दोन वर्षांपूर्वीं दादा गेले. गाडी नांदेडास होळी भागांतील आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर झांकून ठेविलेली होती.

माझा पुतण्या पुण्यास बरींच वर्षें नोकरी करून आतां लातुरास आईजवळ राहावयास आला आहे. वडिलांची गाडी लातुरास न्यावी आणि ती नुसती दाराशीं उभी न ठेवितां वापरावी असें त्यानें मनांत आणलें. इंजिन उघडून झालें, ब्रेक झाले, टायर नवे पडले. अडलें तें एका मीटरवर. जावाचें मीटर पुढच्या दिव्याच्या पत्र्यांतच बसविलेलें असतें. आमच्या मीटरचा कांटा तीस आणि साठ ह्यांच्या दरम्यान पिंपळपानासारखा कांपे; अक्षरें पुसट झालेलीं; संध्याकाळीं तर तेथें कांहींच दिसत नसे. आजच्या रुंद झालेल्या रस्त्यावर, मागून भरधांव ट्रक येत असतां, आपला वेग किती हें न कळणें बरें नव्हे, असें पुतण्याचें म्हणणें. आणि तें खरें होतें. म्हणून त्यानें एक गोल डिजिटल मीटर विकत आणलें. वेग, अंतर, वेळ व बॅटरीची शक्ति हें सारें त्यांत उजळ आंकड्यांनीं उमटे.

मला शाळेंत संस्कृताबरोबर खालच्या वर्गांना शास्त्राचे धडेही द्यावे लागत, त्यामुळें अशा यंत्राच्या पोटांत काय आहे हें पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाहीं. जुन्या मीटरची रचना मोठी सुंदर आहे. गाडीच्या फिरत्या भागापासून एक लवचिक तार नळींतून वर येते आणि मीटरच्या आंत एक चुंबक फिरविते. चुंबकाभोंवतीं ॲल्युमिनियमची एक लहानशी वाटी असते. दोहोंचा परस्परांस स्पर्श नसतो. तरीही चुंबक फिरूं लागला कीं वाटींत विजेचे भोंवरे उत्पन्न होतात आणि वाटी त्याच्यामागें ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला उलट बाजूस खेंचते. ह्या ओढाताणींत वाटी जेथें स्थिरावते तेथें कांटा वेग दाखवितो. तांब्याची तबकडी फिरविली असतां तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागें जाते हें आरागो नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञास १८२४ सालीं आढळलें, फॅरडेनें पुढें त्याची उपपत्ति लावली, आणि ओटो शुल्झे नांवाच्या जर्मन संशोधकानें १९०२ सालीं त्यावर वेगमापक बांधून त्याचें पेटंट घेतलें. एक शतकभर साऱ्या जगाच्या गाड्या ह्या वाटीवर विश्वास टाकून धांवल्या.

किलोमीटरांचा हिशेब ठेवणारीं चाकें मात्र ह्या ओढाताणींत नसतात. तीं त्याच तारेवरून दांत्यांनीं फिरतात. तार कोरडी पडली किंवा स्प्रिंग शिथिल झाली तर कांटा कांपूं लागतो. तार फिरते आहे तोंवर हिशेब मात्र चुकत नाहीं. आमच्या मीटरच्या खिडकींत पांच आंकडे होते: ४१,३८६. कांटा भ्रमिष्ट झाला तरी हे पांच आंकडे शुद्धीवर होते, आणि पुढची सारी कथा ह्या आंकड्यांचीच आहे.

नव्या मीटरांत ओढाताण नाहीं, मोजणी आहे. चाकाच्या मध्याशीं लहान चुंबक बसवितात. शेजारीं स्थिर राहणारा एक सेन्सर असतो. चुंबक त्याच्यासमोरून गेला कीं विजेचा एक ठोका पडतो. एडविन हॉल ह्या अमेरिकन विद्यार्थ्यानें १८७९ सालीं शोधून काढलेल्या तत्त्वावर हें चालतें. ठोके मोजावयाचे आणि चाकाच्या परिघानें गुणावयाचें, एवढाच हिशेब. अर्थात् परीघ अचूक पाहिजे. टायरवर व फरशीवर खडूची खूण केली, पुतण्या बैठकीवर बसला, कारण भारानें टायर किंचित् दबतो. आणि चाक बरोबर एक फेरा पुढें ढकललें. अंतर भरलें १७८ सेंटीमीटर. म्हणजे एका किलोमीटरास चाकाचे सुमारें ५६२ फेरे, आणि ताशीं ५० किलोमीटर वेगांत सेकंदाला जवळजवळ आठ. मापांत पांच सेंटीमीटरांचें अंतर पडलें तर लातुरास पोंचेपर्यंत हिशेबांत चार किलोमीटरांचा फरक पडेल. मुलांना त्रैराशिक शिकवितांना ह्यापेक्षां सजीव उदाहरण मला कधीं मिळालें नव्हतें.

हें काम नांदेडच्या एका वृद्ध सरदारजी मिस्त्रींनीं केलें. गुरु गोविंदसिंहांनीं १७०८ सालीं ह्याच नगरींत देह ठेविला, आणि तेव्हांपासून शीख समाज नांदेडाशीं असा एकजीव झाला आहे कीं मिस्त्रींचें मराठी ऐकून त्यांस परप्रांतीय म्हणण्याची कोणाची छाती होऊं नये. पुतण्याचा विचार असा कीं दिव्याच्या पत्र्यांतील जुनें मीटर काढावें, भोंक थोडें कापून गोल करावें आणि तेथें नवें बसवावें. मिस्त्रींनीं कानशी खालीं ठेविली. म्हणाले, "नवं मीटर उद्या बिघडेल, परवा त्याहून चांगलं येईल. पत्रा एकदा कापला की तो परत येत नाही, गुरुजी. मी कापणार नाही." मग त्यांनीं हँडलास रबराची पट्टी गुंडाळून तीवर एक क्लॅम्प आवळला आणि नवें मीटर जुन्याच्या किंचित् वर, पडवीवर माळवद यावें तसें बसविलें. उन्हांत पडदा फिका दिसतो म्हणून तें चालकाकडे थोडें कलतें ठेविलें.

अडचणी पुष्कळ आल्या. दादांची गाडी सहा व्होल्टांची; आजचीं मीटरें बारा व्होल्ट मागतात. त्यासाठीं सहाचे बारा करणारी एक डबी बाजूच्या पेटींत बसली. ह्या मीटरास वीज फार थोडी लागते, त्यामुळें जुन्या डायनामोवर भार पडला नाहीं. पण इंजिन सुरू करतांच गंमत झाली: गाडी स्टँडवर उभी, आणि मीटर दाखवितें ताशीं १८० किलोमीटर! प्लगमध्यें ठिणगी पडते तेव्हां तिच्या तारेंतून आसपास विजेच्या लहरी पसरतात, आणि सेन्सर त्यांनाच चाकाचे ठोके समजून मोजूं लागतो. मिस्त्रींनीं प्लगला अवरोध असलेली टोपी घातली, सेन्सरची तार प्लगच्या तारेपासून दूर ब्रेकच्या केबलीबरोबर नेली, आणि १८० चे शून्य झालें. दुसरी अडचण सावकाश चालण्याची. एकच चुंबक असला म्हणजे माणसाच्या चालीनें जातांना सव्वा सेकंदानें एक ठोका पडतो, आणि आंकडा अडखळत बोलणाऱ्या मुलासारखा थांबत थांबत बदलतो. म्हणून चार चुंबक समान अंतरावर बसविले.

येथें कायद्याचा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. मोटर वाहन कायदा, १९८८, ह्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ रचनेशीं विसंगत होईल असा फेरबदल गाडींत करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें त्याचा कडक अर्थ लावला आहे. उलट वेग दाखविणारें यंत्र गाडीवर असलेंच पाहिजे, असें १९८९ च्या केंद्रीय नियमांतील ११७ वा नियम सांगतो. शिवाय २०२१ सालीं निघालेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांची 'विंटेज' म्हणून वेगळी नोंद होते. मात्र अशी नोंद केलेली गाडी रोजच्या वापरास रस्त्यावर आणतां येत नाहीं. पुतण्यास गाडी वापरावयाची होती, म्हणून त्यानें ती नोंद न घेतां साधी नोंदणीच नवी करून घेतली. तथापि पुढच्या पिढीस तो मान हवासा वाटला तर वाट मोकळी पाहिजे. क्लॅम्प सोडला कीं गाडी जशी होती तशी. हाच मिस्त्रींच्या हट्टाचा अर्थ होता.

एक गोष्ट मात्र पुतण्यानें स्वतः ठरविली. जुन्या मीटरची तार त्यानें खालून सोडून ठेविली. ४१,३८६ हा वडिलांचा आंकडा. तो तेथेंच थांबावा, आणि आपण नव्यांत शून्यापासून आरंभ करावा, ही त्याची भावना. तो हें बोलला तेव्हां त्याचा आवाज जरा बदलला होता. त्यावर मी कांहीं बोललों नाहीं. मुलानें वडिलांचें काय जपावें हें मुलानें ठरवावें.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही निघालों. गोदावरीचा पूल ओलांडला तेव्हां पाण्यावर धुकें होतें. ह्या नदीच्या कांठानें एकेकाळीं व्याकरणशास्त्र बहरलें. काशींत पंडितांचे गुरु म्हणून गाजलेल्या शेष घराण्याचें मूळ परंपरा नांदेडाशींच जोडते. पुढें विष्णुपुरीचा जलाशय आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परिसर लागतो. १९९४ सालीं स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठास हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या सेनानीचें नांव आहे, आणि मराठवाड्यांतील वाचकास त्याचें कारण सांगावें लागत नाहीं. दोहों बाजूंस तूर कापणीस आलेली, हरभरा घाट्यावर, मध्येंच शाळूचे उंच ताटवे. नव्या मीटरवर आंकडा ४५ आणि ४८ च्या दरम्यान शांतपणें फिरत होता. जुन्याचा कांटा शून्यावर निजला होता.

लोह्याच्या पुढें माळेगांव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून येथें खंडोबाची यात्रा भरते, आणि तिच्यांतील घोडे, उंट व गाढवें ह्यांचा बाजार महाराष्ट्रांतील मोठ्या बाजारांत गणला जातो. आम्ही पोंचलों तेव्हां यात्रा ऐन भरांत होती. भंडारा उधळून वाटेची माती पिवळी झाली होती. दादा येथें वर्षानुवर्षें जनावरांच्या तपासणीस येत असत, तेव्हां देवदर्शन करून बाजारांत एक फेरी मारणें प्राप्तच होतें. घोडा घेणारा मनुष्य येथें विकणाऱ्याच्या शब्दावर जात नाहीं. तो जनावराचा ओंठ वर करून दांत पाहतो, खुरावर थाप मारतो, पन्नास पावलें चालवून पाहतो. दांत झिजले किती, त्यांवरील खळगे बुजले किती, ह्यावरून वय निघतें. जनावराच्या तोंडांतच त्याचें मीटर आहे, आणि त्याची तार कोणास सोडून ठेवितां येत नाहीं.

गर्दींतून आम्ही माणसाच्या चालीनें गाडी काढीत होतों. तेवढ्यांत एका म्हाताऱ्या घोडेवाल्यानें ती ओळखली. "ही डॉक्टरसाहेबांची फटफटी न्हवं का?" असें म्हणत तो जवळ आला. दादा गेल्याचें ऐकून त्यानें पागोट्यास हात लाविला आणि क्षणभर उभा राहिला. मग त्याची नजर चमकणाऱ्या आंकड्यांकडे गेली. खालीं वाकून त्यानें तें मीटर, जसा घोड्याचा ओंठ उचलावा तसें, निरखून पाहिलें व हंसत म्हणाला, "गुरुजी, घोडं जुनं अन् दांत नवे बसवले की! आता वय कसं कळायचं?" आजूबाजूचे सारे हंसले. आम्हीही हंसलों. परंतु पुढें अहमदपूर येईपर्यंत पुतण्या एक अक्षर बोलला नाहीं.

अहमदपुराहून चाकुराकडे जातांना बालाघाटाचें पठार पसरत जातें. जमीन काळी, कोठें मुरमाड. आकाश फार मोठें. चढावर इंजिनाचा ठेका जड होई तेव्हां पुतण्या आंकड्याकडे पाही आणि मी आवाजाकडे कान देई. दोघांचा निर्णय बहुधा एकच निघे व गिअर बदले. आंकडा वेग सांगतो, पण श्रम सांगत नाहीं. श्रम कानास कळतात. नव्या यंत्रानें जुनें इंद्रिय निरुपयोगी होतें हा समज मला त्या रस्त्यावर तरी खरा वाटला नाहीं.

लातुरांत शिरलें कीं पाय गंजगोलाईकडेच वळतात. राष्ट्रकूट राजे आपल्या कोरीव लेखांतून स्वतःस लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवीत, आणि तें लट्टलूर म्हणजेच हें लातूर. परंतु आजच्या लातुराचें हृदय निजामी अमदानींत घातलें गेलें. मध्यें अंबाबाईचें मंदिर, भोंवतीं दुकानांचें वर्तुळ, आणि त्यांतून फुटलेले सोळा रस्ते. सराफ, कापड, भांडीं, गूळ, मसाले, ज्याचा त्याचा रस्ता निराळा. उंचावरून पाहिलें तर हें सारें एखाद्या मोठ्या तबकडीसारखें दिसावें. दुकानें किती वेळां बदललीं, फलक बदलले, दिवे बदलले. परंतु वर्तुळ आणि त्यांतून फुटणारे रस्ते कोणी मोडले नाहींत. आंकड्यांची किंमत लातूरकरांस नव्यानें सांगावी लागत नाहीं. २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी येत होतें, तेव्हां घागरींचा हिशेब ठेविल्याशिवाय येथें एकही घर चाललें नाहीं.

वहिनी दाराशींच उभ्या होत्या. त्यांनीं गाडीच्या पुढच्या चाकावर पाणी घातलें, हळदकुंकू लाविलें. मग पदराचें टोंक ओलें करून जुन्या मीटरची कांच पुसली, डोळे बारीक करून आंत पाहिलें, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही नांदेडहून हिच्यावरच आलात ना? मग हा आकडा तसाच कसा? ह्यांनी ठेवला होता तोच आहे."

पुतण्या म्हणाला, "आई, मीच तार सोडून ठेवली आहे. बाबांचा आकडा बाबांचाच राहावा म्हणून. माझा ह्या नव्यात मोजू." नव्या मीटरवर १४७ हा आंकडा होता.

वहिनी कांहीं न बोलतां आंत गेल्या आणि जुन्या वह्यांचा एक गठ्ठा घेऊन आल्या. त्या घरखर्चाच्या वह्या होत्या. पेट्रोल भरलें कीं तारीख, लिटर, तेलाचें माप, पैसे आणि गाडीचा आंकडा, असें त्या १९७१ पासून लिहीत आल्या होत्या. दादा येऊन आंकडा सांगत व त्या मांडीत. मला ह्याची कल्पनाही नव्हती. त्यांनीं १९८९ ची वही काढली. एका पानावर ९९,८५० च्या सुमाराचा आंकडा, त्याच्या खालीं पेढ्यांचा खर्च, आणि त्यापुढच्या ओळीपासून प्रत्येक आंकड्याच्या आधीं वहिनींच्या हातचा एक ठळक एक.

"माळेगावची यात्रा करून परतत होतो," त्या सांगूं लागल्या. "मी मागे बसले होते. वाटेत ह्यांनी गाडी अगदी सावकाश केली आणि म्हणाले, खांद्यावरून पाहा. पाच नऊ होते. बघता बघता सगळे एकदम फिरले आणि पाचही शून्यं झाली. मला वाईट वाटलं; इतकी वर्षं मांडलेलं सगळं पुसलं गेलं असं झालं. तर हे हसले. म्हणाले, मीटरला पाचच घरं आहेत, ते बिचारं विसरणारच. तू मांडलं आहेस ना? मग झालं. अहमदपुरात पेढे घेतले आणि आळीभर वाटले." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या शून्याचं मला काही वाटत नाही, बाळ. शून्याचे आपण पेढे वाटलेले आहेत. पण गाडी चालते आणि ह्यांचा आकडा चालत नाही, हे मला बघवत नाही. त्यांचं जपायचं असेल तर चालू दे."

म्हणजे मीटरांत ४१,३८६ होते. खरा हिशेब होता १,४१,३८६. किल्लारीच्या साऱ्या खेपा त्या ठळक एकाच्या पुढल्या होत्या, आणि दुष्काळांतल्या छावण्या त्या एकाच्या पोटांत होत्या. यंत्रास हें ठाऊक नव्हतें. घरास ठाऊक होतें.

दुसरे दिवशीं लातूरच्या बाजारांत नवी तार मिळाली. तिला ग्रीस लावून पुतण्यानें ती स्वतःच्या हातानें जोडली. नव्या तारेनें कांट्याचें कांपणेंही बरेंच कमी झालें. पूर्ण गेलें नाहीं. वेग पाहावयाचा तर वरच्या मीटरवर पाहावा, आणि खालच्यास आपला हिशेब आपल्या रीतीनें ठेवूं द्यावा, अशी वांटणी झाली. नांदेड ते लातूर हे १४७ किलोमीटर तेवढे जुन्यांत पडले नाहींत. वहिनींनीं ते वहींत मांडून घेतले.

हें पाहतांना मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण झाली. १९१९ मध्यें आरंभलेलें तें काम १९६६ मध्यें पुरें झालें. त्या संपादकांनीं पाठ निश्चित केला, पण जे पाठ त्यांनीं स्वीकारले नाहींत तेही फेंकून दिले नाहींत. ते प्रत्येक पानाच्या तळाशीं लहान अक्षरांत राखले, कीं उद्यांच्या अभ्यासकास आपला निर्णय पुन्हां तपासतां यावा. जुन्या वस्तूंत नवी वस्तु बसविण्याचा धर्मही हाच असावा. नवें वर येवो, वाचनास सुलभ असो, रोजच्या उपयोगाचें असो. परंतु जुनें खोडून त्याच्या जागीं तें लिहूं नये.

ज्यांच्या घरीं अशी एखादी गाडी, शिवणयंत्र किंवा भिंतीवरचें घड्याळ असेल त्यांनीं तें पुन्हां चालतें करावें, एवढें सुचवावेंसें वाटतें. पत्रा कापूं नये, भोंक पाडूं नये, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यांत ठेवावा, आणि काम कसें केलें तें कागदावर लिहून ठेवावें. नव्याची भीति धरून वस्तु कपाटांत बंद करणें म्हणजे तिचें आयुष्य वाढविणें नव्हे. आणि नव्याच्या हौसेनें तिचें तोंडच बदलणें म्हणजे तिला वापरणें नव्हे. ह्या दोहोंच्या मधली वाट आहे, आणि ती फार खर्चाची नाहीं. ती दाखविण्यास नांदेडचे एक मिस्त्री आणि लातूरच्या आमच्या वहिनी पुरेशा झाल्या.

पुतण्या आतां त्या गाडीनें कामास जातो. उन्हाळ्यांत गाडी बाहेर उभी करितांना नव्या मीटरवर कापडाची टोपी घालतो, कारण लातूरच्या वैशाखांत असे पडदे काळवंडतात. पेट्रोल भरून आला कीं तो दाराशींच दोन आंकडे सांगतो, एक खालचा आणि एक वरचा. वहिनींच्या नव्या वहींत आतां दोन रकाने आहेत. पहिल्या रकान्यांत त्या अजून प्रत्येक आंकड्याआधीं तो ठळक एक काढतात.